परत केलेला भंडारा

पिंपरी,
होळीच्या आधीचा रविवार, १९५८

प्रिय सयाजीदादा,

थोरल्या भावाला लिहिताना वर तीर्थरूप लिहायचं असतं हे मला ठाऊक आहे. पण ते लिहिलं की मी हात जोडून उभा राहतो आणि मग मनातलं काही बोलता येत नाही. आज बोलायचं आहे, म्हणून प्रिय लिहिलं. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही तू खांद्यावर बसवून ओढ्यापलीकडं शाळेत नेत होतास म्हणून झालेलं, तेव्हा अक्षराला हसू नकोस. दुसऱ्या एका गोष्टीला हस. मी निवडून आलो आहे. आमच्या खापरी नळांच्या कारखान्यात, माती खात्याचा पंच म्हणून, आणि तेही हिंदुराव मुकादमाच्या विरुद्ध उभा राहून, डब्यात कागद टाकून झालेल्या मतदानात. तू म्हणशील, ज्या पोराला एका जागी बूड टेकवून जेवता येत नाही त्याला लोकांनी पंच केलं म्हणजे त्या लोकांचंच काहीतरी बिघडलं असणार. मलाही पहिले दोन दिवस तसंच वाटत होतं. पण गोष्ट माझी नाही. गोष्ट सोजराबाई नावाच्या एका बाईच्या भाकरीची आहे आणि तेवढीच हिंदुरावाचीही आहे. ती तुला सगळी सांगायची आहे. तुला सध्या हसू येण्यासारखे दिवस नसतील, तरी वाच.

घर सोडल्यापासून मी बार्शीच्या जिनात राहिलो, पुण्यात मंडईपाशी एका हॉटेलात कपबशा धुतल्या, खडकीला हमाली केली, आणि कुठंच टिकलो नाही हे तुला कळतच होतं. पिंपरीला उतरलो ते सुद्धा तिकीट तिथवरचंच होतं म्हणून. स्टेशनाबाहेर बाभळीखाली बसलो होतो. छत्री काखेत मारलेला एक धिप्पाड माणूस आला, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, मोगलाईतला दिसतोस, जेवलास का? तो हिंदुराव. इकडचे लोक आपल्या मुलखाला अजून मोगलाईच म्हणतात, दादा. निजाम जाऊन दहा वर्षं होत आली तरी आपण मोगलाईतलेच. हिंदुराव मूळचा पाटणकडचा. त्यानं मला घरी नेलं, त्याच्या बायकोनं पिठलं-भाकरी वाढली आणि दुसऱ्या दिवशी मी कारखान्यात मातीत उभा होतो. माझ्यासारखी खात्यातली निम्मीअधिक माणसं त्यानंच अशी उचलून आणलेली. कुणाला स्टेशनावरून, कुणाला चाकणच्या कांद्याच्या बाजारातून, कुणाला तळेगावच्या यात्रेतून. कुणी आजारी पडलं की हा दारात, कुणाचं लग्न निघालं की हा पुढं. आणि खात्यात शब्द त्याचाच. त्यानं ये म्हटलं की यायचं, उद्या येऊ नकोस म्हटलं की यायचं नाही. का, ते विचारायची पद्धत नव्हती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, कारण मी आपल्या चावडीत वाढलो. आबा घोंगडीवर बसायचे, बापाच्या मागं तू बसायला लागलास. पंच म्हणून तुम्ही नाव घ्यायचं आणि गावानं व्हय म्हणायचं. सगळ्यांचं एकमत. ते एकमत कसं होतं ते मी कधी मोजायला गेलो नाही, कारण मी तुमच्या बाजूला बसलेला असायचो.

आमचा कारखाना गटाराचे खापरी नळ करतो. नदीकाठची माती आणायची, मळायची, साच्यातून काढायची, वाळवायची, भट्टीत भाजायची. पलीकडं सरकारी औषधाचा कारखाना आहे, तिथले लोक पांढरे कपडे घालून जातात आणि आम्ही मातीच्या रंगाचे. गेल्या पावसाळ्यानंतर पुण्याचा लेबर ऑफिसर आला आणि त्यानं सांगितलं, कायद्यानं कारखान्यात वर्क्स कमिटी करावी लागेल, साहेबांच्या समोर बसून बोलायला प्रत्येक खात्यानं आपला एक माणूस निवडून द्यायचा. आणि हात वर करून नाही. गोणपाटाचा पडदा लावायचा, आत प्रत्येक उमेदवाराचा चिन्ह चिकटवलेला डबा ठेवायचा, ज्याला द्यायचं त्याच्या डब्यात कागद टाकायचा. देशाच्या निवडणुकीत केलं तसंच. हिंदुरावानं हे ऐकलं आणि हसला. म्हणाला, एवढा खटाटोप कशाला, मी आहेच की. कुणाला ते चुकीचं वाटलं नाही.

तरी तो माणूस पक्का. पडद्याचं त्याच्या डोक्यातून जाईना. रविवारी तो निमगावच्या खंडोबाला जाऊन आला आणि संध्याकाळी दारात पितळी ताट मांडलं. ताटात भंडारा, वर बेलाचं पान. एकेकानं पुढं यायचं, चिमूट उचलायची, आणि माझं मत हिंदुरावाला म्हणून देवाचं नाव घ्यायचं. उचललेली चिमूट घरी नेऊन देवापाशी ठेवायची. बेलभंडारा उचलला म्हणजे विषय संपला, हे तुला मी सांगायला नको. खात्यातल्या सगळ्या बाप्यांनी आणि बायांनी उचलला. एक मी राहिलो, आणि ते काही शहाणपणानं नाही. मी त्या दिवशी पायांना खाज सुटल्यासारखा पिंपरी कँपात भटकत होतो. सिंधी लोकांनी फळकुटं ठोकून काय एकेक दुकान उभं केलंय ते बघत. आलो तोवर ताट आत गेलेलं. हिंदुराव म्हणाला, तुझं काय, तू आमचाच. त्याच्या मनात खरंच काही नव्हतं.

त्यानंतर आठवड्याभरात सोजराबाई पडली. ही जामखेडकडची, नवरा नाही, मूल नाही, डोक्यावर घमेलं घेऊन चालायला लागली की गड्याला मागं टाकणारी. ओल्या उतारावर पाय सरकला आणि कोपरावर आपटली. हाड बसलं, पण हात सरळ होईना. घमेलं उचलणं संपलं. पण आमच्याकडं एक बैठं काम असतं. भट्टीतून निघालेला प्रत्येक नळ लाकडी थापीनं वाजवून बघायचा. खणखणीत वाजला तर गाडीत, बद्द वाजला तर ढिगात. ते एका हातानं होतं. साहेबाला विचारलं तर तो म्हणाला, हलकं काम कुणाला द्यायचं ते कमिटीत तुमचा निवडलेला माणूस सांगेल, मी तसंच करीन. म्हणजे हिंदुराव सांगेल तसं. आणि हिंदुरावानं ती जागा त्याच्या साडूच्या पोराला कबूल करून ठेवली होती. तो सोजराबाईला तोंडावर म्हणाला, आज तुला बसवलं तर उद्या जो तो हात मोडून घेऊन येईल, होळीपर्यंत राहा आणि मग गावाकडं जा. गावाकडं तिचं काय होतं? भावजयीच्या दारातला उंबरा.

मी त्याच दिवशी ऑफिसात जाऊन माझं नाव दिलं. विचारबिचार केला नाही. तू नेहमी म्हणतोस ना, ज्योतीरामाचं आधी पाऊल पडतं आणि मग डोकं येतं, तसंच झालं. चिन्ह म्हणून मी घमेलं घेतलं. हिंदुरावाला खंडोबाचा घोडा पाहिजे होता, कारकून म्हणाला देवाचं काही चालणार नाही, मग त्यानं छत्री घेतली.

आता तुला वाटेल, सोजराबाईसाठी उभा राहिलो तर सगळं खातं माझ्या मागं आलं असेल. कुणी आलं नाही. चांगलं बोलायचे सगळे. तंबाखू द्यायचे, पाठीवर हात ठेवायचे, आणि शेवटी एकच म्हणायचे, भावा, आम्ही भंडारा उचललाय. सोजराबाईकडं गेलो तर तिनं चहा केला आणि चहा पिऊन व्हायच्या आत सांगून टाकलं, “पोरा, तू भला हायेस, पर मी तुला मत देणार न्हाई. मी देवाचं उचललंय.” मी म्हणालो, बाई, हिंदुराव आला की तुमचंच काम जातंय. ती म्हणाली, जातंय ते दिसतंय मला, हात मोडलाय, डोळं न्हाई. दादा, जिच्यासाठी उभा राहिलो तीच मला पाडणार होती आणि तिचं चुकतं असंही म्हणता येत नव्हतं.

आमच्यातली काही पोरं म्हणाली, एवढं काय, पडद्यामागं कोण बघतंय, टाकायचा कागद घमेल्याच्या डब्यात आणि बाहेर येऊन छत्री म्हणायचं. सोजराबाई तिथंच होती. अशी भडकली की मोडका हात सुद्धा उगारला. म्हणाली, पडदा सरकारानं खोटं बोलायला लावलाय व्हय? मग भंडाऱ्यानं बांधायचं आन् पडद्यानं सोडवायचं, यात आमचं काय ऱ्हायलं? मग दत्तोबा बोलला. हा पिंपरी गावातला जुना शेतकरी, जमीन थोडी विकली, थोडी राहिली, आणि आता आमच्यात माती मळतो. तो म्हणाला, आमच्या गावात बांधाच्या भांडणात असं व्हायचं. चुकून उचललेला भंडारा परत करता येतो. पर ज्यानं दिला त्याच्याच हाताला द्यायचा, उजेडी द्यायचा, आन् का देतोय ते सांगायचं. मी आनंदानं त्याला म्हणालो, म्हणजे दत्तोबा, तुम्ही करणार परत? दत्तोबा म्हणाला, “मी कशाला? मला मुकादमच बरा वाटतो. तू लई चुळबुळ्या हायेस. पर ज्याला करायचाय त्यानं असा करावा, एवढंच म्हनलं.” असा माणूस. त्याचं मत अखेरपर्यंत छत्रीलाच होतं आणि तो ते लपवतही नव्हता.

मतदानाच्या आदल्या दिवशी सकाळी, भोंगा व्हायच्या आधी, सोजराबाई हिंदुरावाच्या दारात गेली. मी लांब, पण ऐकू येईल एवढ्यावर उभा होतो, तिनं मला जवळ येऊ दिलं नाही. म्हणाली, तू आलास तर ते तुझं होईल. हिंदुराव ओट्यावर राखुंडी लावत होता. तिनं पदराची गाठ दातानं सोडली, कारण दुसरा हात चालत नाही, आणि चिमूटभर भंडारा कागदावर घेऊन पुढं केला. ती काय म्हणाली ते मला अजून जसंच्या तसं पाठ आहे. “मुकादम, हा तुमचा भंडारा. तुमचं अन्न खाल्लंय, ते मी जल्मात इसरणार न्हाई. तुमी आजारी पडा, मी उशाला बसंन. पर मत तुमी दिल्यालं न्हाई मला. जे तुमचं न्हवतं ते मी तुमाला बांधून दिलं, ती माझी चूक झाली. उद्या कागद कुणाच्या डब्यात टाकीन ते सांगत न्हाई. तुमच्या बी टाकीन. पर मोकळ्या हातानं टाकीन.”

हिंदुरावाचं बोट तोंडातच राहिलं. मला वाटलं आता हा हिला ओट्यावरून ढकलतो, नाहीतर आजच कामावरून काढतो. तो म्हणाला, सोजरा, देवाला भीत न्हाईस? ती म्हणाली, भिते म्हनूनच उजेडी आले. तेवढ्यात आतून त्याची बायको तेच पितळी ताट घेऊन बाहेर आली. कुणी तिला आण म्हटलं नव्हतं. तिनं ताट ओट्यावर ठेवलं, नवऱ्याकडं बघितलंही नाही, आणि आत गेली. सोजराबाईनं चिमूट ताटात टाकली. मग मागून एक आला, मग दोन बाया आल्या, मग पोरं आली. प्रत्येकजण काहीतरी बोलत होता. कुणी धड, कुणी अडखळत. एकजण म्हणाला, मुकादम, माझ्या लग्नाला तुमीच उभे होता, माझं मत तुमालाच हाय, पर हे घ्या परत. ताट पिवळं झालं. सगळे नाही आले हेही सांगतो. कितीतरी लोकांनी आपला भंडारा घरी देवापाशीच ठेवला, आणि त्यांनाही मी खोटं म्हणत नाही. हिंदुराव ते सगळं बघत उभा राहिला. कुणालाही शिवी दिली नाही. भोंगा झाला तेव्हा त्यानं चूळ भरली, छत्री घेतली आणि म्हणाला, झालं असंल तर चला, माती वाळती.

मतदान वाळवणीच्या शेडमध्ये झालं. तुला मजा सांगतो. एका म्हाताऱ्यानं नारळ आणला होता, दोन्ही डब्यांपुढं फोडू का म्हणून विचारत होता. एका बाईनं दोन्ही डब्यांना कुंकू लावलं, छत्रीला लावलं म्हणून घमेल्याला, घमेल्याला लावलं म्हणून छत्रीला. एकानं कागद आत टाकायचा सोडून डब्यावर ठेवला आणि वर दगड ठेवला, उडू नये म्हणून. लेबर ऑफिसर कपाळाला हात लावत होता. पण कुणी घाई केली नाही. पडद्यामागं गेलेलं माणूस लवकर बाहेर यायचंच नाही. मी स्वतः आत गेलो तेव्हा कळलं. तिथं तुला कुणी बघत नाही, कुणी नाव घेऊन हाक मारत नाही, तू कुणाचा मुलगा, कुणाचा भाऊ, कुणाच्या ताटात जेवलास, सगळं बाहेर राहतं. आपल्याकडं असं एकटं व्हायला मिळतं कधी? माझ्या हातातला कागद किती हलका होता ते अजून आठवतंय. मोजणी झाली. दोन्ही हातांच्या बोटांवर मावतील एवढ्याच मतांनी, पण घमेलं वर आलं.

नंतर जे झालं ते काय सांगू तुला. पोरांनी हलगी आणली, गुलाल कुठून आला कुणास ठाऊक. सोजराबाईला बायांनी असं फिरवलं की तिचा मोडका हातही हवेत गेला. मला खांद्यावर घेतलं आणि वरून मला सगळं खातं दिसलं, पाटणचे, माणचे, कोकणातले, आमच्या मोगलाईतले, सगळ्यांचे चेहरे एका रंगाचे. दादा, रझाकाराच्या साली आपण सरहद्द ओलांडून बार्शीकडं पळालो ते आठवतं ना? आबा डोक्यावर धान्याचं पोतं घेऊन, तू मला पाठीवर घेऊन. तेव्हा एक राज्य जायला फौज यावी लागली. इथं एका माणसाचं राज्य जायला दोन पत्र्याचे डबे आले आणि एक गोणपाट. कुणाचं घर जळलं नाही, कुणाला पळावं लागलं नाही. मला हसू येत होतं आणि डोळ्यांतून पाणी पण येत होतं. पोरं म्हणाली, चला, हिंदुरावाच्या दारावरून वाजवत जाऊ. मलाही जायचं होतं, खोटं कशाला बोलू. दत्तोबा वाटेत बसला होता. म्हणाला, वाजवा की राव, पर सकाळी त्येच्याच हाताखाली माती मळायचीय, त्येचा बी इचार करा. मग आम्ही कँपाकडं वळलो. तिथल्या एका हलवायानं कोण निवडून आलं, कुठं आलं हे काही न समजताच सगळ्यांना जिलबी वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फाटकाशी लवकर गेलो. मला बघायचं होतं तो येतो का. तुला सांगतो, मला मनातून वाटत होतं की न आला तर बरं. तो आला. नेहमीच्या वेळेला, धुतलेला सदरा, काखेत छत्री. हजेरी त्यानंच घ्यायची होती, कारण मुकादम तोच आहे, फक्त साहेबापुढं आमच्या वतीनं बोलायचं काम त्याचं राहिलं नाही. त्यानं एकेक नाव घेतलं. माझं नाव आलं तेव्हा म्हणाला, “पंच, मातीला लागा.” पंच म्हणाला मला, दादा. त्या एका शब्दाला त्याला काय पडलं असेल ते मी त्याच्या मानेकडं बघून ओळखलं. आदल्या दिवशीच्या हलगीत मला जिंकल्यासारखं वाटलं होतं. खरं जिंकल्यासारखं तेव्हा वाटलं. मी एकटा नाही, आमचं सगळं खातंच जिंकलं.

पहिल्या बैठकीत मी साहेबापुढं बसलो, पाय खुर्चीखाली घेऊ की बाहेर ठेवू ते कळत नव्हतं, आणि सोजराबाईचं नाव सांगितलं. साहेब म्हणाला, ठीक. एवढंच. आता ती रोज भट्टीपाशी बसून नळ वाजवते. लांबून आवाज येतो, टण्, टण्, टण्, मग मध्येच एक बद्द, आणि तिची शिवी. साडूच्या पोराला दुसऱ्या खात्यात काम लागलं. हिंदुरावानं तिच्याशी बरेच दिवस अबोला धरला होता. मागल्या आठवड्यात मी बघितलं, तिच्याजवळ उभा राहून एक नळ उलटासुलटा करून विचारत होता, हा कसा वाजतो गं?

पण सगळं गोड गोड सांगून तुला फसवायचं नाही. मला मतं मिळाली ती काही सगळी सोजराबाईसाठी नव्हती. मोगलाईतल्यांनी मोगलाईतला म्हणून दिली, पाटणकडच्यांनी पाटणचा म्हणून त्याला दिली. एकजण तर म्हणाला, तुझा डबा दाराजवळ होता. हे राज्य असं गबाळं आहे. आणि मी पंच झाल्यावर मला काय झालं तेही ऐक. मान ताठ झाली. बायांनी काही सांगितलं की म्हणायचो, बघू. खात्याच्या महिन्याच्या सभेत हिंदुराव उभा राहिला. भट्टीच्या तोंडाशी बाया उन्हात बसतात, डोक्यावर सावली नाही, पंचानं साहेबापुढं ते काढलं का? मी काढलं नव्हतं. मला राग आला. म्हणालो, इतकी वर्षं तुम्हीच बोलत होता, तुम्ही काय केलं? पोरं टाळ्या पिटायला लागली. दत्तोबा बसल्या जागेवरून म्हणाला, “त्यानं केलं न्हाई म्हनून तर तुला दिलं. आता त्येच्या नावामागं तू नको दडू.” सगळी सभा हसली. मला जमिनीत जावंसं वाटलं. पुढच्या बैठकीत सावलीचं काढलं, दोनदा काढलं, आणि आता भट्टीच्या तोंडावर पत्र्याची शेड आहे. ती शेड माझी का हिंदुरावाची, तू सांग. तो निवडून आला असता तर त्यानं ती मागितली नसती, आणि तो हरून घरात बसला असता तर मीही मागितली नसती. पुढल्या साली पुन्हा मतदान आहे. तो उभा राहणार आहे, त्यानं सांगून टाकलंय. मी हरेनही. पण ह्या वेळी ताट मांडणार नाही असं त्यानं स्वतःच चारचौघांत म्हटलं, आणि मांडलं तरी बायको ताट देणार नाही म्हणून हसला.

आता हे सगळं तुला का लिहिलं. परवा आपल्या गावचा रंगराव कामाच्या शोधात इथं आला, माझ्याच खोलीवर उतरलाय. त्यानं सांगितलं की गावात पंचायतीचं पहिलं मतदान झालं आणि तू पडलास. तू घरोघर भंडारा फिरवला होतास, सगळ्यांनी उचलला, आणि डबे उघडले तेव्हा तू पडलास. रंगराव सांगत होता की दाराला आतून कडी आहे, तू चावडीकडं फिरकत नाहीस, माणसं बेइमान झाली म्हणतोस, रान बटाईनं देऊन पुण्याला येतो म्हणतोस. दादा, तू ये, भाऊ म्हणून कधीही ये, पण हरलास म्हणून येऊ नकोस. आबांच्यानंतर तू गावासाठी जे केलंस ते कुणी विसरलेलं नाही, आणि ते आठवत असूनही लोकांनी दुसऱ्याला मत दिलं, तर तो त्यांचा अधिकार होता, बेइमानी नव्हे. त्यांना तुझ्या ओट्यावर येऊन भंडारा परत करायचं धाडस झालं नाही एवढंच. ते त्यांनाही येईल. तू कडी काढ. सदरा धुऊन घाल आणि पंचायतीच्या पहिल्या सभेला जाऊन बस. जो निवडून आलाय त्याला सगळ्यांदेखत पंच म्हण. मग शाळेच्या छपराचं काय केलंस म्हणून विचार, आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. तुझ्याइतकं गाव कुणाला ठाऊक आहे, तू घरात बसलास तर त्याला विचारणार कोण? आणि एक, हे हात जोडून सांगतो. घरात तू सगळ्यांना विचारतोयस असं रंगराव म्हणाला, कुणी दिलं, कुणी नाही दिलं. आईला विचारू नकोस. वहिनीलाही विचारू नकोस. त्या दोघी त्या पडद्यामागं आयुष्यात पहिल्यांदा एकट्या उभ्या राहिल्या होत्या, तेवढी जागा त्यांची त्यांना असू दे.

तुझ्याच पाठीवर बसून सरहद्द ओलांडलेला,
तुझाच
ज्योतीराम